सोयाबीनला भाव नाही, पेंडेला उठाव नाही. मग कोकरांचा खुराक महाग कसा?

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा ढीग पडलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल, आणि काढणीच्या वेळी सौदा झाला त्याच्या बराच खाली. शेतकरी म्हणतो, भाव नाही. तेल गिरणीवाला म्हणतो, पेंडेला उठाव नाही. आणि तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवर वाडा घेऊन उतरलेला मेंढपाळ दुकानात उभा राहून सरकी पेंडेचं एक पोतं उधारीवर मागत असतो. कारण तीन महिन्यांची कोकरं आईच्या दुधावरून सुटलेली आहेत आणि रानात खायला काही उरलेलं नाही.

म्हणजे एकाकडे माल पडून आहे आणि दुसऱ्याला तोच माल परवडत नाही. असं का होतं? आणि तेलबियांपासून तेल काढल्यावर जे उरतं, त्यावर कोकरं खरंच नीट वाढू शकतात का? की त्यात काही धोकाही आहे? सोप्या भाषेत समजून घेऊ.

पेंड म्हणजे नेमकं काय?

तेलबिया दाबली की तेल बाहेर येतं आणि मागे चोथा राहतो. तो चोथा म्हणजे पेंड. पूर्वी लाकडी घाणा होता, नंतर एक्सपेलर आला. या दोन्ही पद्धतींत सगळं तेल निघत नाही. एक्सपेलरच्या पेंडेत साधारण ६ ते ८ टक्के तेल राहतं. मोठ्या कारखान्यांत हेक्झेन नावाच्या द्रावकाने तेल धुऊन काढतात. तिथे पेंडेत जेमतेम १ टक्का तेल उरतं. बाजारात या दुसऱ्या प्रकाराला 'डीओसी' म्हणतात.

आता एक आकडा बघा. १०० किलो सोयाबीन गाळलं तर तेल मिळतं साधारण १८ किलो. पेंड मिळते ८० किलोच्या आसपास. आपण सोयाबीनला तेलबिया म्हणतो, पण पोत्यातला चार पंचमांश माल पेंडच असतो. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलावर जितका ठरतो तितकाच, किंबहुना जास्त, पेंडेवर ठरतो. पेंडेला उठाव नसेल तर गिरणी सोयाबीनला चढा भाव देऊच शकत नाही.

पेंडेत असतं काय? प्रथिनं. तेल निघून गेल्यावर बियाणातली प्रथिनं मागे राहतात आणि त्यांचं प्रमाण वाढतं. सोयाबीन डीओसीत ती ४४ ते ४८ टक्के असतात. शेंगदाणा पेंडेत ४० ते ४५. तीळ पेंडेत ३५ ते ४०. सूर्यफूल पेंडेत २८ ते ३२. आणि महाराष्ट्रात सगळ्यात जास्त खपणाऱ्या, टरफलासकट गाळलेल्या सरकी पेंडेत फक्त २० ते २४ टक्के. टरफलासकट गाळलेली करडई पेंड तिच्या आसपास किंवा थोडी खालीच.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब यावरच आहे.

कोकराला पेंड लागतेच कशाला? मेंढी तर रानात चरते ना?

चरते. शेकडो वर्षं चरत आली. पावसाळ्यात माळावर, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात किंवा काढणी झालेल्या शेतात, आणि पाऊस तोंडावर आला की परत गावाकडे. माण, खटाव, फलटण, जत, बारामती, इंदापूर, शिरूर, पारनेर या पट्ट्यातल्या धनगरांचं वर्षाचं वेळापत्रक हेच होतं. शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडी खताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचं.

पण आता माळरानं कमी झाली. पडीक जमिनीवर प्लॉट पडले, काही ठिकाणी सौर प्रकल्प आले, काही ठिकाणी वनविभागाची चराईबंदी. ऊस आणि फळबागा वाढल्या तिथे रिकामं शेत मिळत नाही. हार्वेस्टरने काढणी झालेल्या रानात पूर्वीसारखा पाला उरत नाही. झाशीची भारतीय गवत व चारा संशोधन संस्था देशातली चाऱ्याची तूट मोजते. तिच्या अंदाजानुसार हिरव्या चाऱ्याची तूट सुमारे ११ टक्के, कोरड्या चाऱ्याची २३ टक्के, आणि खुराकाची सुमारे २९ टक्के. म्हणजे सगळ्यात मोठं भगदाड खुराकातच आहे.

याचा पहिला फटका कोकराला बसतो. मोठी मेंढी सुकलेल्या गवतावर कशीबशी तगते. कोकराचं तसं नसतं. त्याला हाडं आणि मांस बांधायचं असतं. वाढत्या कोकराच्या खुराकात साधारण १४ ते १६ टक्के प्रथिनं लागतात, अगदी लहान कोकराला १८ टक्क्यांपर्यंत. उन्हाळ्यातल्या वाळलेल्या गवतात ती ३ ते ५ टक्के असतात. पोट भरतं, पण वाढ होत नाही.

त्यात आणखी एक बदल झालाय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. मेंढीला एकाऐवजी दोन कोकरं झाली तर उत्पन्न वाढतं हे खरं. पण आईचं दूध दुप्पट होत नाही. दोन तोंडांमध्ये एकच कास वाटली जाते. जुळ्या कोकरांना लवकर खुराक सुरू केला नाही तर जुळ्यांचा फायदा अर्ध्यावरच संपतो. म्हणजे मेंढीची जात सुधारली की पेंडेचा प्रश्न आपोआप पुढे येतो.

पैशांत याचा अर्थ काय?

नुसत्या चराईवरचं दख्खनी कोकरू दिवसाला साधारण ५० ते ८० ग्रॅम वाढतं. बरा खुराक मिळाला तर तेच १०० ग्रॅमच्या पुढे जातं. हिशोबासाठी समजा, रोज २५० ग्रॅम खुराक ९० दिवस दिला. खुराक लागला साडेबावीस किलो. ३० रुपये किलो धरला तर खर्च ६७५ रुपये. त्यातून दिवसाला ५० ग्रॅम जादा वाढ मिळाली तर तीन महिन्यांत साडेचार किलो वजन जास्त भरलं. जिवंत वजनाला ३५० रुपये किलो भाव धरला तर १,५७५ रुपये. म्हणजे एका कोकरामागे ९०० रुपये सुटले.

आता तोच खुराक ३० ऐवजी ४५ रुपयांना पडला तर? खर्च १,०१२ रुपये, सुटले ५६३. आणि वाढ ५० ऐवजी ३० ग्रॅमच झाली तर? मग खिशातून पैसे गेले. खुराकाचा दर आणि खुराकाचा दर्जा, या दोन गोष्टींवर मेंढपाळाचं गणित उभं राहतं किंवा कोसळतं.

सगळे सरकी पेंडच का घेतात?

दुकानात तीच मिळते म्हणून. विदर्भ-मराठवाडा कापसाचा पट्टा, त्यामुळे सरकी मुबलक. या पेंडेच्या वायदे बाजारात अकोल्याचा भाव आधारभूत धरला जातो, इतकं तिचं इथलं वजन आहे. शिवाय दुधवाल्यांना ती आवडते, कारण तिच्यात तेल जास्त राहतं आणि दुधाला फॅट लागते. दूध धंद्यामुळे ती गावोगावी पोहोचली आणि मेंढपाळही तीच घेऊ लागला.

पण कोकराला मुख्यतः प्रथिनं हवी आहेत. मग पोत्याचा भाव बघण्याऐवजी एक किलो प्रथिनं कितीला पडली ते बघू. भाव रोज बदलतात, त्यामुळे हे फक्त पद्धत समजण्यासाठी धरलेले भाव आहेत.

- सरकी पेंड ३५ रुपये किलो, प्रथिनं २२ टक्के: एक किलो प्रथिनं पडली १५९ रुपयांना.
- शेंगदाणा पेंड ४२ रुपये किलो, प्रथिनं ४२ टक्के: १०० रुपयांना.
- सूर्यफूल पेंड २६ रुपये किलो, प्रथिनं २८ टक्के: ९३ रुपयांना.
- सोयाबीन डीओसी ३८ रुपये किलो, प्रथिनं ४५ टक्के: ८४ रुपयांना.

म्हणजे पोतं बघितलं तर सरकी सोया पेंडेपेक्षा स्वस्त. प्रथिनं मोजली तर जवळपास दुप्पट महाग. अर्थात सरकीत तेल आणि तंतू जास्त असतात, त्यातून ऊर्जा मिळते, त्यामुळे तिला पूर्ण बाद करता येत नाही. पण ऊर्जा मक्याच्या किंवा बाजरीच्या भरड्यातूनही मिळते, आणि बहुतेक वेळा स्वस्तात मिळते. आपल्या गावातल्या भावाने हाच भागाकार करून बघायला कागद-पेन्सिल पुरते. किलोच्या भावाला प्रथिनांच्या टक्क्याने भागा आणि १०० ने गुणा.

मग सोया पेंड घेत का नाहीत? कारण ती ट्रकने विकली जाते. सॉल्व्हंट प्लांटचं गिऱ्हाईक म्हणजे पोल्ट्री खाद्याचे कारखाने आणि निर्यातदार. वीस पोती मागणारा मेंढपाळ त्यांच्या हिशोबात बसत नाही. दुकानदारापर्यंत ती सुट्टी आली तर मधले दोन हात आपला वाटा घेतात. आणि नुसती सोया पेंड गव्हाणीत टाकून चालतही नाही, ती मिसळावी लागते. मिसळायला जागा हवी, भरडा हवा, वजनकाटा हवा. आज इथे आणि उद्या तिथे असणाऱ्या वाड्यावर हे सगळं कुठून आणायचं?

पण काहीही पेंड घातली तर चालते का?

अजिबात नाही. कोकराच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिली गोष्ट वयाची. जन्मल्यावर कोकराचं पोट मोठ्या मेंढीसारखं चालत नाही. चारा कुजवून पचवणारा मोठा कप्पा, म्हणजे ओटीपोट, हळूहळू तयार होतं. दोन आठवड्यांनंतर कोकरू चाऱ्याला-भरड्याला तोंड लावायला लागतं आणि तीन महिन्यांपर्यंत हे पोट बऱ्यापैकी कामाला लागतं. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. मोठ्या जनावराच्या ओटीपोटात तो बऱ्याच अंशी बांधला जातो. लहान कोकरात ती सोय नसते, आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होऊ शकतो. त्यामुळे दूधपित्या कोकरांना सरकी पेंड नकोच. पैदाशीसाठी ठेवायच्या नरांनाही ती वर्षानुवर्षं भरमसाट देऊ नये, कारण गॉसिपॉलचा प्रजननावरही परिणाम होतो.

दुसरी गोष्ट बुरशीची. शेंगदाणा पेंड कोकरं आवडीने खातात, पण ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृत खराब करतं. लहान जनावर आधी खायचं सोडतं, मग खंगतं. वास कुबट येत असेल, गाठी झाल्या असतील तर ती पेंड उन्हात वाळवून वापरू, असं चालत नाही. बुरशी सुकते, विष तसंच राहतं.

तिसरी गोष्ट, पेंड म्हणजे खुराकच असं नाही. एरंडी पेंडेत रायसिन असतं. ते तेलात जात नाही, पेंडेतच राहतं आणि थोड्या प्रमाणातही जीव घेतं. एरंडी, करंज आणि निंबोळी पेंड ही शेतात टाकायची खतं आहेत. नुकतीच एरंडी पेंड टाकलेल्या रानात मेंढ्या बसवणंही धोक्याचं.

चौथी गोष्ट सध्या वारंवार विचारली जाते: सोयाबीनला भावच नाही, तर सोयाबीनच कोकरांना घालू का? कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. कारखान्यात पेंड भाजली जाते तेव्हा ते मोडतात. शिवाय अख्ख्या दाण्यात १८ ते २० टक्के तेल असतं. कोकराच्या एकूण खाण्यात तेल ६ टक्क्यांच्या वर गेलं की ओटीपोटातले जिवाणू मंदावतात, चारा पचेनासा होतो, हगवण लागते. भाजून आणि मूठभरच दिलं तर ठीक. पण घमेल्याने ओतायचा तो माल नव्हे.

पाचवी गोष्ट घाईची. कोकरं बाजारासाठी लवकर तयार करायची म्हणून एका दिवसात खुराक दुप्पट केला की आंत्रविषार होतो. संध्याकाळी चांगलं खाल्लेलं, कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. वरच्या हिशोबात एका कोकरामागे ९०० रुपये सुटत होते. १८ किलोचं एक कोकरू ६,३०० रुपयांचं. म्हणजे एक दगावलं तर सात कोकरांची कमाई गेली. त्यामुळे आंत्रविषाराची लस आधी आणि खुराकाची वाढ नंतर. सुरुवात ५० ग्रॅमने करायची आणि दोन आठवड्यांत हळूहळू २००-२५० ग्रॅमवर न्यायचं.

सहावी गोष्ट कमी जणांना माहीत असते. गाईचं खनिज मिश्रण किंवा कोंबडीचं खाद्य मेंढीला सरसकट चालत नाही. मेंढीला तांबं गाईपेक्षा फार कमी सहन होतं. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस जनावर पिवळं पडून मरतं. तसंच पेंड आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. हा तोल बिघडला की नर कोकरांना मुतखडे होतात, लघवी तुंबते. म्हणून खुराकात कॅल्शियम घालावं लागतं आणि पाणी मुबलक ठेवावं लागतं.

मग मिश्रण कसं असावं?

दुधावरून सुटलेल्या कोकरांसाठी १०० किलोचं एक साधं मिश्रण असं बसतं: मका किंवा बाजरीचा भरडा ४५ किलो, सोयाबीन डीओसी १० किलो, सूर्यफूल पेंड १५ किलो, गव्हाचा कोंडा आणि तुरीची चुनी मिळून २६ किलो, मेंढ्यांसाठीचं खनिज मिश्रण २ किलो, कॅल्साइट पावडर १ किलो आणि मीठ १ किलो. यात प्रथिनं साधारण साडेसोळा टक्के भरतात. सूर्यफूल मिळालं नाही तर त्याजागी करडई घेता येते, पण मग प्रथिनं थोडी घटतात म्हणून सोया पेंड दोन-तीन किलोंनी वाढवायची आणि भरडा तेवढाच कमी करायचा.

यातली महाग गोष्ट, म्हणजे सोया पेंड, फक्त दहावा हिस्सा आहे. बाकी सगळं जवळपास मिळणारं. आणि हा खुराक चाऱ्याच्या जोडीला आहे. तुरीचं भुस्कट, सोयाबीनची गुळी, शेवरी किंवा सुबाभळीचा पाला, जे मिळेल ते पोटभर पाहिजेच. नुसत्या खुराकावर मेंढी जगत नाही. आपल्या कळपापुरतं प्रमाण एकदा पशुवैद्यकाला दाखवून घेतलेलं बरं.

आता मूळ प्रश्न: पेंडेचा भाव कोण ठरवतं?

मेंढपाळ तर नक्कीच ठरवत नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या आहेत, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. पण सोया पेंडेचं देशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोंबडी आहे. तिच्या खाद्याचा धंदा संघटित आहे, त्याचा आवाज दिल्लीत पोहोचतो.

२०२१ सालचं उदाहरण घ्या. सोयाबीन १० हजार रुपये क्विंटलच्या घरात गेलं. पोल्ट्रीवाल्यांचं खाद्य महागलं, त्यांनी सरकारकडे धाव घेतली. ऑगस्टमध्ये केंद्राने जनुक बदललेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. भाव उतरले. शेतकरी चिडला, पोल्ट्रीला दिलासा मिळाला. मेंढपाळाचं नाव या चर्चेत कुठेच नव्हतं.

जुलै २०२३ मध्ये पशुखाद्य आणि दूध महागलं म्हणून तेल काढलेल्या तांदळाच्या कोंड्याची निर्यात बंद केली. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा खुली झाली. इथे दूध धंद्याचं वजन दिसलं.

मग आलं इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं आणि त्यासाठी मका व तांदूळ मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. एक टन मक्यातून इथेनॉल काढलं की सुमारे ३०० किलो चोथा मागे राहतो. बाजारात त्याला डीडीजीएस म्हणतात. मक्याच्या चोथ्यात प्रथिनं ३० टक्क्यांच्या आसपास, तांदळाच्या चोथ्यात ४५ टक्क्यांपर्यंत. आणि तो सोया पेंडेपेक्षा स्वस्त. खाद्य कारखाने तिकडे वळले, सोया पेंडेची मागणी घटली, गिरण्यांनी हात आखडला आणि फटका लातूर-वाशिमच्या सोयाबीनवाल्याला बसला. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ होता, २०२५-२६ मध्ये ५,३२८ झाला. दोन्ही हंगामांत काढणीच्या वेळी बाजार त्याच्या खालीच राहिला.

मेंढपाळासाठी हा चोथा चांगला पर्याय आहे का? काही प्रमाणात, हो. पण धान्यातला स्टार्च काढून घेतल्यामुळे जे उरतं त्यात सगळंच तिप्पट घट्ट होतं. प्रथिनंही आणि धान्यात बुरशीचं विष असेल तर तेही. तपासणीची चिठ्ठी नसलेला चोथा लहान कोकरांना घालणं म्हणजे जुगार.

आणि आयात तेलाचा यात काय संबंध?

संबंध सगळ्यात मोठा आहे. सरकारच्याच सांगण्यानुसार भारत आपल्या गरजेचं सुमारे ५७ टक्के खाद्यतेल बाहेरून आणतो. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोया तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. आता विचार करा. सोया तेल जहाजातून इथे आलं, पण त्याची पेंड कुठे राहिली? अर्जेंटिनातच. तो देश जगातला सोया पेंडेचा सगळ्यात मोठा निर्यातदार आहे. आपण त्यांच्याकडून १८ किलो तेल घेतो, आणि त्यासोबतची ८० किलो पेंड त्यांच्या हातात राहते.

त्यामुळे तेलाच्या आयात शुल्काचा प्रश्न फक्त फोडणीचा नसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं, मे २०२५ च्या अखेरीस ते साडेसोळावर आणलं. बातम्यांत चर्चा झाली ती डब्याच्या भावाची. पण शुल्क उतरलं की बाहेरचं तेल स्वस्त होतं, इथल्या गिरणीला तेलातून मिळणारा पैसा घटतो, आणि मग तिच्यापुढे दोनच वाटा उरतात: सोयाबीनला कमी भाव द्यायचा किंवा गाळप कमी करायचं. दोन्ही वाटा शेवटी शेतकऱ्याच्या आणि जनावराच्या दारात येतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय खाद्यतेल-तेलबिया अभियानाला १०,१०३ कोटी रुपये मिळाले. तेलबियांचं उत्पादन ३९० लाख टनांवरून २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर न्यायचं आहे. ते खरंच झालं तर तेलासोबत पेंडेचाही डोंगर उभा राहील. ती पेंड कोण खाणार, कुठल्या भावाने आणि कुठल्या तपासणीनंतर, याचं नियोजन तेलाइतक्याच गांभीर्याने झालं नाही तर आजचाच प्रश्न दुप्पट मोठा होऊन समोर येईल.

मेंढपाळाला यातलं काय मिळू शकतं?

राज्यात राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. मेंढ्यांचे गट, संतुलित खाद्य, चारा यांसाठी तिच्यात अनुदानाची तरतूद आहे. पण पोत्यावर अनुदान दिलं तरी पोत्यात काय आहे हे कळत नसेल तर उपयोग अर्धाच.

इथे भेसळीचा मुद्दा येतो. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे पेंडेत एक किलो युरिया मिसळला की कागदावर जवळपास २.८७ किलो प्रथिनं वाढतात. मोठ्या जनावराचं पोट थोडा युरिया पचवतं. कोकराला तोच युरिया विष होतो. म्हणून पेंडेवर नुसते प्रथिनांचे टक्के छापणं पुरेसं नाही. युरिया आणि अफ्लाटॉक्सिनची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी, परवडणाऱ्या दरात आणि आठवडाभरात मिळायला हवी.

दुसरं म्हणजे मिसळण्याची सोय. एका वाड्याला हे जमत नाही, पण तीस-चाळीस वाड्यांच्या शेतकरी उत्पादक कंपनीला जमतं. ट्रकभर सोया पेंड थेट प्लांटमधून उचलायची, गावातल्या भरडा चक्कीवर मिश्रण करायचं आणि वाडे ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्यावरच्या दोन-तीन गावांत पोती ठेवायची. दूध संघांनी गाईंसाठी गावोगावी हीच व्यवस्था उभी केली. मेंढीचं दूध डेअरीत जात नाही, म्हणून तिच्यासाठी ती कुणी उभी केली नाही.

तोपर्यंत लातूरच्या ढिगातला माल आणि वाड्यावरचं भुकेलं कोकरू यांच्यात अंतर राहणार. ते किलोमीटरमध्ये मोजलं तर शंभर-दीडशेच आहे. पण मधे ट्रकचा हिशोब आहे, दुकानदाराची उधारी आहे आणि पोत्यावर न छापलेली माहिती आहे. पुढच्या वेळी खाद्यतेलाचं शुल्क वाढल्याची किंवा घटल्याची बातमी आली, तर तेलाच्या डब्यासोबत पेंडेच्या पोत्याचा भावही बघा. त्या पोत्यावर कुणाच्या तरी कळपाचं वर्ष अवलंबून असतं.